पुस्तकाचे दोन शेवट

समाजवादी आणि भांडवली जीवनाची तुलना करताना आपण बहुधा दुकाने आणि रांगा मोजतो. साहित्याच्या अभ्यासकांनी पुस्तकाचे काय झाले हे पाहावे, असे आम्हांस वाटते. पूर्व जर्मनी (१९४९-१९९०) हे त्याचे बोलके उदाहरण.

तेथे पुस्तके स्वस्त होती, वाचकही पुष्कळ होते. परंतु अनेक दशके सरकारी परवान्याशिवाय पुस्तक छापता येत नसे. राइनर कुन्त्से यांचे पुस्तक १९७६ मध्ये पश्चिम जर्मनीत निघाले, तेव्हा त्यांना लेखक संघातून काढण्यात आले. पुढच्याच वर्षी त्यांनी देश सोडला. गुप्त पोलिसांच्या पाळतीवर क्रिस्टा वोल्फ यांनी १९७९ मध्ये लिहिलेली कथा १९९० साली, म्हणजे भिंत पडल्यावर, छापली गेली.

१ जुलै १९९० रोजी पश्चिमेचे चलन पूर्वेत आले. परवाना गेला होताच, आता गिऱ्हाईकही गेले. पूर्वेत छापलेली कोरी पुस्तके कचऱ्याच्या ढिगांवर पडली. मार्टिन वेस्कॉट या धर्मगुरूंनी १९९१ पासून त्यांतली हजारो उचलून आणली. त्यांत केवळ प्रचार नव्हता, साहित्यही होते.

बंदी आणि बेपर्वाई सारख्याच, असे आम्ही म्हणणार नाही. बाजार लेखकाला तुरुंगात टाकत नाही. हा फरक लहान नव्हे. पण बंदीला आरोपी असतो, रद्दीला नसतो. म्हणून पहिलीचा निषेध आपण सहज करतो आणि दुसरीपुढे गप्प राहतो. अभ्यासकाने तरी ही सवय मोडावी.