सीएच्या पुस्तकांचा ढीग आणि 'मेरिट'ची थाप

सीए करणारी आपली मुले-मुली गेल्या काही वर्षांत आम्हाला सारखा एकच प्रश्न विचारतात: एवढे सगळे वाचून होणार कसे? प्रश्न अभ्यासाचा दिसतो, म्हणून आपण तो क्लासवाल्यांकडे ढकलून मोकळे होतो. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न जातीचाही आहे आणि आंबेडकरी चळवळीने तो अजून आपला मानलेला नाही.

आधी तो ढीग नीट बघू. सीएचे तीन टप्पे: फाउंडेशन, इंटर आणि फायनल. 2024 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात इंटरला सहा पेपर आणि फायनललाही सहा. फायनलच्या एकट्या फायनान्शियल रिपोर्टिंगच्या मॉड्यूलची चळत टेबलावर ठेवली तर समोरचा माणूस दिसत नाही. ऑडिटमध्ये स्टँडर्ड्सची रांग, प्रत्यक्ष कराचा कायदा वेगळा, जीएसटी आणि कस्टम्स वेगळे. शिवाय हा ढीग एका जागी राहत नाही. दरवर्षी अर्थसंकल्प येतो, कायदा बदलतो, आणि मागच्या वर्षी पाठ केलेली तरतूद या वर्षी चूक ठरते. 1961 चा आयकर कायदा जाऊन आता 2025 चा कायदा आला. म्हणजे कलमांचे आकडेसुद्धा नव्याने लावायचे.

त्यावर उत्तीर्ण होण्याची अट: प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपच्या तीन पेपरांचे मिळून किमान 150. दोन पेपरांत उत्तम गुण मिळाले आणि तिसऱ्यात 38, तर ग्रुप गेला. नोव्हेंबर 2024 च्या फायनलमध्ये दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी साडेतेरा टक्क्यांच्या आसपास उत्तीर्ण झाले. म्हणजे नापास होणे हा इथला नियम आणि पास होणे हा अपवाद. आपल्या पोराने हे आधी ध्यानात घ्यावे, कारण पहिल्या अटेम्प्टला ग्रुप गेला की त्याच्या कानात जो आवाज बोलू लागतो, 'हे आपल्या कुवतीबाहेरचे आहे', तो आवाज त्याचा स्वतःचा नसतो.

तो आवाज मेरिटच्या थापेचा आहे. ही थाप सांगते की ढीग सगळ्यांना सारखाच आहे, ज्याची बुद्धी मोठी तो पार करतो. ढीग सारखा आहे हे खरे. पण एवढा ढीग सगळा कोणीच वाचत नाही. जे पास होतात त्यांना काय आधी वाचायचे, काय तीनदा वाचायचे आणि काय बिनधास्त मागे ठेवायचे हे ठाऊक असते. हे ज्ञान मॉड्यूलमध्ये छापलेले नसते. ते ज्याचा काका सीए आहे, ज्याची आतेबहीण दोन वर्षांपूर्वी पास झाली, ज्याच्या सोसायटीत तीन सीएंच्या पाट्या आहेत, त्याला जेवणाच्या ताटावर फुकट मिळते. 'कॉस्टिंग पाठ करू नकोस, रोज दोन गणिते सोडव', 'ऑडिटचे उत्तर गोष्टीसारखे लिहू नकोस, स्टँडर्डची भाषा वापर'. अशी दहा-वीस वाक्ये असतात, पण त्यांची किंमत एकेका अटेम्प्टएवढी असते. आपल्या वस्तीतला मुलगा हीच वाक्ये दोनदा नापास होऊन शिकतो. मग निकालाच्या दिवशी दोघांची तुलना होते आणि तिला गुणवत्ता म्हटले जाते.

हिशेबाच्या वहीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. गावगाड्यात वसुलीची रक्कम तालुक्याच्या खजिन्यात पोहोचवण्याचे काम महाराचे, आणि ती रक्कम किती, कोणाकडून आली, कोणाची बाकी राहिली हे लिहिण्याचे काम कुळकर्ण्याचे. पैसा ज्याच्या डोक्यावरून गेला त्याला आकडा वाचता येऊ नये अशीच ती व्यवस्था होती. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले त्यामागे हे सगळे होते.

आणि बाबासाहेबांचे हिशेबाशी नाते आपण स्वतःच विसरलो आहोत. आपल्या पोस्टरवर ते कायम हातात संविधान घेतलेले. पण 1918 ते 1920 या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्य महाविद्यालयात, अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे 1925 ते 1928 या ओढाताणीच्या वर्षांत ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. होय, हिशेबनीस घडवणाऱ्या संस्थेत! 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' 1923 चे, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ 1925 चा, आणि त्याच वर्षी चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष. संविधान सभेत तर त्यांनी महालेखापरीक्षक हा संविधानातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे म्हटले. ज्या माणसाने देशाच्या तिजोरीवर नजर ठेवणाऱ्याला एवढे वर बसवले, त्याच्या अनुयायांच्या घरात 'अकाउंट्स आपला विषय नाही' असे सहज बोलले जावे?

इथे आमचा रोख आपल्याच माणसांवर आहे. मुलगा बारावी कॉमर्स झाला की मामा म्हणतो, एमपीएससी कर. मुलगी म्हणाली सीए करते, तर चार जण विचारतात, त्यात आरक्षण आहे का? नाही. सीएच्या परीक्षेत आपल्यासाठी राखीव जागा नाहीत, आणि त्यामुळेच आपण त्या दाराकडे फिरकायचे नाही असे जणू ठरवून टाकले आहे. सरकारी नोकरीला आमचा विरोध नाही. आमची बरीच घरे त्याच नोकरीने उभी केली. पण जागा निघत नाहीत, निघाल्या तर निकाल लांबतात, आणि आपली शेकडो पोरे पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत तिशी ओलांडतात. तेवढ्याच वर्षांत त्यांतल्या काहींना सीए होता आले असते असे आम्हाला वाटते.

एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो: सीए झालेला पोरगा कंपनीत जाईल, फ्लॅट घेईल, चळवळीला काय मिळणार? आक्षेप अगदीच खोटा नाही. पण चळवळीला काय हवे आहे ते बघा. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा कुठे वळवला जातो यावर आपण मोर्चे काढतो. 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली. पण अर्थसंकल्पाची पुस्तके उघडून, लेखाशीर्षाखालची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडून दाखवणारे आपल्यात किती जण आहेत? निवेदनात आपण 'कोट्यवधी रुपये' लिहितो, कारण नेमका आकडा काढणारा माणूस बैठकीत नसतो. आपल्या विहारांचे ट्रस्ट, शिक्षण संस्था, मागासवर्गीय सहकारी संस्था यांचे ऑडिट कोण करतो आणि ते किती वर्षे थकते, हेही एकदा विचारून बघा. जयंतीच्या वर्गणीवरून मंडळे फुटतात ती बहुतेक वेळा चोरीमुळे फुटत नाहीत, वही नीट न ठेवल्यामुळे फुटतात.

आता पैशाचा आणि वेळेचा भाग. इंटरचे दोन्ही ग्रुप निघाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप, आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल. ते सहा महिने अभ्यासासाठी म्हणून दिले आहेत. ज्याच्या घरी बापाचा धंदा आहे त्याच्यासाठी ती सवलत आहे. ज्याच्या पगाराकडे घर डोळे लावून बसले आहे त्याच्यासाठी ती सहा महिन्यांची बेकारी आहे. आर्टिकलशिपचे मानधन बहुतेक ठिकाणी एवढे तुटपुंजे की मुंबई-पुण्यात कॉटबेसिसचे भाडेही त्यातून निघत नाही. ती जागासुद्धा ओळखीने मिळते. मुलाखतीत आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतात आणि गावावरून कळले नाही तर 'वडील काय करतात' विचारतात. हा अनुभव सांगणारी मुले आम्हाला एकापेक्षा जास्त शहरांत भेटली.

मग करायचे काय? ढीग एकट्याने उपसायचा नाही. तालुक्याच्या किंवा उपनगराच्या पातळीवर सीए, सीएमए करणारी पाच-सात जण मिळतात, त्यांनी एकत्र बसावे. पहिल्या बैठकीत अभ्यास करूच नका, फक्त वर्गवारी करा. संस्था प्रत्येक पेपरातल्या विभागांचे गुणांचे प्रमाण आपल्या संकेतस्थळावर देते. मागच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरे, रिव्हिजन टेस्ट पेपर आणि मॉक टेस्टही तिथे फुकट आहेत. ते समोर ठेवून प्रत्येक प्रकरणावर खूण करा: हे तीनदा, हे दोनदा, हे वेळ उरला तर. क्लासवाले हेच हजारो रुपयांना विकतात.

विषय वाटून घ्या. एकाने लीज समजून घ्यायचे आणि बाकीच्यांना मराठीत शिकवायचे. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण गणिताची नसते, ती ऑडिट आणि कायद्याच्या इंग्रजीची असते. म्हणून आधी मराठीत भांडून समजून घ्या आणि त्याच संध्याकाळी तेच उत्तर परीक्षेच्या इंग्रजीत लिहा: तरतूद, दिलेली परिस्थिती, निष्कर्ष. लिहिलेले एकमेकांनी तपासा. जुनी पुस्तके कॉस्टिंग आणि फायनान्सला चालतील, पण कराचे पुस्तक जुने घेऊ नका, तिथे वाचवलेले चारशे रुपये एका अटेम्प्टला पडतात. नोकरी करत असाल तर एकेक ग्रुप द्या, त्यात कमीपणा नाही. एखाद्या पेपरात 60 आले तर पुढच्या तीन परीक्षांपर्यंत त्याची सूट मिळते. ज्याला पूर्ण वेळ मिळत नाही त्याने आपल्या आवडीचा एक पेपर 60 वर न्यायचाच अशा बेताने अभ्यास करावा.

आणि कृपा करून 'बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे' हे वाक्य थकलेल्या पोराच्या तोंडावर मारू नका. बाबासाहेबांच्या अभ्यासामागे बडोद्याची शिष्यवृत्ती होती, कोलंबिया आणि लंडनची ग्रंथालये होती. ती शिष्यवृत्ती संपली तेव्हा त्यांनाही लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. 1917 मध्ये परतले, पैसे जमवून 1920 मध्ये पुन्हा गेले. दिवसभर ऑफिसात व्हाउचर तपासून, दोन लोकल बदलून रात्री नऊला दहा बाय दहाच्या खोलीत पोहोचणाऱ्या पोराला अठरा तासांचा दाखला देणे म्हणजे त्याची परिस्थिती आपण बघितलीच नाही असे सांगणे आहे.

त्याला टेबल हवे, दिवा हवा, शांतता हवी. आपल्या बहुतेक विहारांची सभागृहे रविवारची वंदना आणि अधूनमधूनचे कार्यक्रम सोडले तर बंद असतात. ती रात्री अकरापर्यंत उघडी ठेवा. जयंती मंडळांनी डीजेच्या बजेटमधला एक हिस्सा दुसऱ्या-तिसऱ्या अटेम्प्टच्या फीसाठी बाजूला काढावा. पहिल्या अटेम्प्टची फी घर कसेही करून भरते, पुढची भरताना हात आखडतो. आपल्यातले जे सीए झाले आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा आणि आर्टिकलशिपसाठी आपल्या फर्ममध्ये एक खुर्ची मोकळी ठेवावी. ज्यांना हे जमेल त्यांनी पुढच्या परीक्षेचे फॉर्म सुटण्याआधी आपापल्या भागातल्या मुलांची यादी करायला घ्यावी. परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा होते, त्यामुळे मुहूर्त शोधत बसायची गरज नाही.