थोरचा हातोडा, लिंगोचे वाद्य

१/ वर्ध्याच्या ज्या अभ्यासिकेत मी बसते, तेथे शेजारच्या मुलाच्या गळ्यात थोरच्या हातोड्याचे लॉकेट असते. एकदा मी त्याला विचारले, "पहांदी पारी कुपार लिंगो हे नाव ऐकले आहेस?" तो म्हणाला, नाही. त्याचे गाव सेलू तालुक्यातले, आणि गावात गोंडांची घरे आहेत. आजचा थ्रेड त्या 'नाही'विषयी आहे. 🧵

२/ माझे मत आरंभीच मांडते. नॉर्स पुराणकथा जगभर पोहोचल्या, त्या इतर कथांहून श्रेष्ठ होत्या म्हणून नव्हे. लोप पावण्यापूर्वी कोणीतरी त्या लिहून ठेवल्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्या पुन्हा पुन्हा सांगितल्या, म्हणून. आपल्याकडे कथांची उणीव कधीच नव्हती. लिहिणारे कमी पडले, आणि ऐकणारे त्याहून कमी.

३/ आधी उत्तरेकडे जाऊ. ओडिन, थोर, फ्रेया ही स्कँडिनेव्हियातील दैवते. इ.स. १००० च्या सुमारास आइसलँडच्या लोकसभेने, म्हणजे आल्थिंगने, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तोवर या दीर्घ कथा मुखोद्गतच होत्या. रून लिपी होती. पण तिचा उपयोग मुख्यतः कोरीव लेख आणि छोट्या मजकुरांपुरता होता.

४/ धर्मांतरानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, १२२० च्या आसपास, स्नोरी स्टर्लुसन (११७९–१२४१) याने 'एड्डा' रचली. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता. त्याची चिंता धर्माची नव्हती, काव्याची होती. जुन्या कवितेतील रूपके जुन्या देवांच्या कथांवर उभी होती. त्या कथा विसरल्या गेल्या, तर तरुण कवींना आपल्याच पूर्वजांची कविता कळेनाशी झाली असती.

५/ दुसरा आधार म्हणजे 'कोडेक्स रेगियस' हे तेराव्या शतकातील हस्तलिखित. १६४३ मध्ये ते एका आइसलँडी बिशपच्या हाती आले आणि १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेले. १९७१ मध्ये डेन्मार्कने ते परत केले, तेव्हा स्वागतासाठी रेक्याविकच्या बंदरावर प्रचंड गर्दी लोटली होती. एका जुन्या पोथीसाठी! हे दृश्य मनात ठेवा, पुढे त्याकडे परत यायचे आहे.

६/ या कथांचे आकर्षण कशात आहे? माझ्या मते, त्यांतील देवांना स्वतःचा अंत ठाऊक असतो. रॅग्नारोकच्या युद्धात आपण मरणार, हे ओडिन जाणतो; तरीही तो तयारी करत राहतो. ज्ञानासाठी त्याने एक डोळा दिलेला असतो, आणि ते ज्ञान त्याला वाचवत नाही. पराभव निश्चित असताना कसे वागावे, हा प्रश्न कोणत्याही काळातल्या तरुणाला आपला वाटतो.

७/ शिवाय प्रत्येक काळाने या कथा आपल्या मापाने बेतल्या. शिंगांचे शिरस्त्राण घातलेला वायकिंग रूढ झाला, तो मुख्यतः १८७६ मध्ये रंगमंचावर आलेल्या वाग्नरच्या संगीतनाट्यांतील वेशभूषेमुळे. १९६२ मध्ये मार्व्हलने थोरला कॉमिकचा नायक केले. त्याआधी नाझींनी रून चिन्हे आपल्या गणवेशांवर मिरवली होती. पुनर्कथन निरागसच असते असे नाही.

८/ आता आपल्या मुलखात येऊ. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. धर्मप्रसार हे त्याचे काम; पण जीवाश्म, खडक, बोलीभाषा या साऱ्यांचे त्याला वेड होते. गोंडांच्या कुळकथा गाऊन जतन करणारे परधान असत. अशाच एका परधानाकडून त्याने लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले.

९/ त्या पाठातील कथा थोडक्यात अशी. महादेव गोंडांना एका गुहेत कोंडतो. केवळ चार भाऊ निसटतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना भेटतो आणि रान तोडून धान पेरायला शिकवतो. विस्तव हवा असतो, तो एका राक्षसाजवळ. लिंगो भोपळ्याचे तंतुवाद्य करून झाडावर चढतो आणि असे वाजवतो की, राक्षस आपली भूक विसरून नाचू लागतो.

१०/ राक्षसाच्या सात मुली त्या भावांच्या बायका होतात. पुढे त्या लिंगोवर खोटा आळ घेतात आणि भाऊ त्याला ठार मारून त्याचे डोळे काढतात. देव त्याला अमृताने जिवंत करतात. तो उठतो; पण सूड घेत नाही. तो निघतो गुहेतल्या कोंडलेल्यांच्या सुटकेला. वाटेत पक्ष्याची पिल्ले गिळणारा महासर्प मारतो, गुहा उघडवतो आणि मग गोंडांची कुळे लावून देतो.

११/ नॉर्स कथेत बाल्डर भावाच्या हातून मरतो, आणि त्याच्यासाठी एक व्यक्ती रडायला नकार देते म्हणून मृत्युलोकातच राहतो. लिंगो परत येतो, आणि ज्यांनी मारले त्यांच्याच भाईबंदांना सोडवतो. थोर हातोड्याने राक्षस मारतो; लिंगो वाद्य वाजवून त्याला नाचवतो. कोणती कथा मोठी, हा प्रश्नच चुकीचा. परंतु दुसरी आपल्याला माहीतच नसावी, हे मात्र मला खुपते.

१२/ ४ सप्टेंबर १८६३. बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पूर आलेल्या ओढ्यात बुडाला. नागपूरहून वर्ध्याला येताना हाच परिसर लागतो. त्याचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापले. त्याच वर्षी पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवून जिल्ह्याचे ठाणे तेथे आणले गेले. आपले शहर आणि लिंगोचे छापील गीत समवयस्क आहेत.

१३/ आणखी एक धागा. फिनलंडमधील लोनरोट या डॉक्टरने लोकगीते गोळा करून १८३५ मध्ये 'कालेवाला' प्रसिद्ध केले. त्याच्या छंदावरून अमेरिकेत लाँगफेलोने १८५५ मध्ये 'हायवाथा' लिहिले. आणि १८७१ मध्ये फोरसिथ या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच छंदात लिंगोचे गीत इंग्रजीत आणले. म्हणजे परधानाच्या तोंडचे गाणे फिनलंडच्या चालीवर लंडनला पोहोचले. सेलूला मात्र पोहोचले नाही.

१४/ स्नोरी आणि हिस्लॉप यांत साम्य आहे: दोघेही त्या देवांना न मानणारे. म्हणून दोघांच्या पाठांकडे सावधपणे पाहावे लागते. स्नोरी आपल्या प्रस्तावनेत देवांना ट्रॉयहून आलेले माणूस ठरवतो. हिस्लॉपच्या पाठात गोंडांना कोंडणारा महादेव आणि हिमालय कोठून आले, मूळचे किती आणि मागाहून मिसळलेले किती, यावर वाद आहे. लिहिणारा कथा वाचवतो. त्याच वेळी तिच्यावर आपला ठसाही उमटवतो.

१५/ येथे माझी एक चूक सांगते. एम.ए.च्या पहिल्या निबंधात मी लिहिले होते, "हिस्लॉपने लिंगोची दंतकथा शोधून काढली." वर्गातील एका गोंड मैत्रिणीने तो वाचला आणि शांतपणे विचारले, "तुझ्या घरच्या विठोबाला दंतकथा म्हणशील? आणि आमच्या आजोबांना जे पाठ होते, ते याने शोधले कसे?" मला उत्तर देता आले नाही. ती दोन्ही वाक्ये मी खोडली.

१६/ हाच सर्वांत मोठा भेद. थोर आज बहुतांश जगासाठी मनोरंजन आहे. त्याचे लॉकेट घालताना कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. लिंगो मात्र पूज्य आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातील कचारगड गुहेशी ही कथा जोडली जाते, आणि माघ पौर्णिमेला तेथे लाखो भाविक जमतात. मघाची बंदरावरची गर्दी आठवा. ती पोथीसाठी होती. ही गर्दी मौखिक परंपरेसाठी जमते, आणि आपल्याला तिची बातमीही नसते.

१७/ या यात्रेला आजचे रूप आले ते १९८० च्या दशकात, गोंड समाजातील कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून. नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) त्यांत अग्रणी होते; कोया पुनेमवर त्यांनी विपुल लेखन केले. त्यांचे सगळेच निष्कर्ष इतिहासकारांना मान्य नाहीत. परंतु स्नोरी वा हिस्लॉप यांच्याकडे नव्हता तो अधिकार त्यांच्याकडे होता: ते स्वतःची कथा लिहीत होते.

१८/ कथा जमिनीला चिकटतात, तेव्हा टिकतात. आइसलँडमधील आस्बिर्गी ही नालाकृती दरी ओडिनच्या आठ पायांच्या घोड्याच्या टापेने झाली म्हणतात. आपल्याकडे केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी, भीमाने बकासुर मारला ती जागा. हाच मान बिहारमधील आरा आणि बंगालमधील बीरभूमही सांगतात. यात खरे कोण, यावर भांडण्यापेक्षा प्रत्येक मुलखाला बकासुर आपल्याच वेशीवर का हवा होता, हे विचारणे मला अधिक फलदायी वाटते.

१९/ गिरडच्या टेकडीवरील गोल दगडांची गोष्टही अशीच. शेख फरीदांची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांचा माल दगड झाला. क्षमा मागताच फरीदांनी वाळल्या पानांतून नवा माल निर्माण केला आणि ते व्यापारी त्यांचे सेवक बनले. भूशास्त्र सांगते, हे दगड म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली झिओलाइट खनिजे. आइसलँडही बेसाल्टचाच देश आहे. एकाच जातीचा खडक, आणि त्यावर दोन कथाविश्वे.

२०/ कोणी म्हणेल, ही प्रादेशिक अस्मिता झाली. तसे नाही. नॉर्स कथा वाचणे सोडा, असे मी म्हणत नाही. त्या वाचल्या म्हणूनच मला लिंगोकडे पाहण्याची दृष्टी आली. 'आमचे सर्वांत जुने, सर्वांत थोर' ही भाषा मलाही नको. तिचा शेवट कोठे होतो, ते रून चिन्हांच्या इतिहासात दिसते. माझी मागणी लहान आहे: कुतूहलाची वाटणी थोडी न्याय्य असावी.

२१/ २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख आहेत. आजच्या आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. तरीही गोंडी अद्याप आठव्या अनुसूचीत नाही. स्नोरीला भीती होती, कवितेची किल्ली हरवेल याची. भाषा गेली, तर किल्लीबरोबर कुलूपही जाते.

२२/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे. कथा ऐकायला जा. पण मालक म्हणून नव्हे, श्रोता म्हणून. कोणी, कोठे, कोणत्या भाषेत सांगितली, ते नोंदवा. सांगणाऱ्याची परवानगी घ्या, त्याचे श्रेय त्याला द्या. हिस्लॉपचे नाव एका कॉलेजला मिळाले. ज्या परधानाने ते गीत गाऊन दाखवले, त्याचे नाव आपल्यापैकी कोणाच्याही ओठांवर नाही.

२३/ अभ्यासिकेतल्या त्या मुलाने लॉकेट काढलेले नाही, आणि काढूही नये. मात्र मागच्या आठवड्यात गावाहून परतल्यावर त्याने सांगितले की, शेजारच्या गोंड आजोबांना त्याने लिंगोविषयी विचारले. आजोबा आधी हसले, म्हणाले, इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा विचारतो आहेस. मग रात्री अकरापर्यंत बोलत बसले.

तुमच्या गावची, अजून कोठेही न छापलेली कथा कोणती? सांगणाऱ्याची संमती असेल, तर खाली जरूर लिहा. 🙏 (समाप्त)