डोस विसरलेला आक्षेप

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवर फेज, म्हणजे जिवाणूंना फस्त करणारे विषाणू, वापरावेत असे कुणी म्हटले, की काही विद्वानांच्या कपाळाला आठी पडते. हा सोव्हिएत काळचा उतारा, अंगात विषाणू सोडणे धोक्याचे, जंतू फेजलाही सरावतात आणि मुख्य म्हणजे युरोपातली चाचणी साफ फसली, असे त्यांचे म्हणणे.

ही चाचणी त्यांचे ब्रह्मास्त्र, म्हणून ती नीट पाहू. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये भाजलेल्या २७ रुग्णांवर ती झाली. काहींना बारा फेजचे मिश्रण, बाकीच्यांना आपल्याकडेही भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिन. जखमेतले जंतू ठरल्याइतके उतरायला मलमाला ४७ तास लागले, फेजला १४४. झाला पराभव! पण त्याच अहवालात पुढे काय लिहिले आहे, हे विद्वान सांगत नाहीत. मिलीलीटरमागे दहा लाख फेज द्यायचे ठरले होते. साठवणीत त्यांचा जोर ओसरत गेला आणि जखमेपर्यंत पोहोचले दहा ते शंभर. पाच एकर उसाला तांब्याभर पाणी घालायचे आणि बेण्याला दोष द्यायचा, त्यातला हा प्रकार. चाचणीने दोष दाखवला तो उत्पादनाचा. तो गंभीर आहेच. पण तो निराळा.

बाकीचे आक्षेप किरकोळ. फेज माणसाच्या पेशींना बाधत नाहीत. आपल्या आतड्यात ते एरवीही असतात. जंतू सरावतात खरे, म्हणून तर मिश्रण देतात. आणि सोव्हिएत? फेजचे नाव १९१७ साली पॅरिसमध्ये पडले. त्याआधी १८९६ मध्ये जंतुशास्त्रज्ञ हॅन्किनने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे नोंदवले होते.

मग जमेच्या बाजूला काय? २०१६ मध्ये सॅन डिएगोत टॉम पॅटर्सन नावाचे रुग्ण फेजमुळे मरणाच्या दारातून परतले. लंडनमधल्या एका मुलीला दिलेल्या तीन फेजपैकी एक दक्षिण आफ्रिकेतल्या कुजक्या वांग्यावर सापडला होता. इंग्लंडमध्ये १९८३ सालीच ई. कोलायच्या जीवघेण्या हगवणीतून वासरे वाचली होती. गायीच्या दगडीत, म्हणजे कासेच्या सुजेत, मात्र दुधातली प्रथिने फेजला जंतूला चिकटू देत नाहीत. तिथे अजून काम बाकी आहे.

बेल्जियमने २०१८ पासून रुग्णागणिक फेज तयार करून देण्याची वाट काढली. आपल्याकडे कोलिस्टिन या प्रतिजैविकावर पशुपालनात २०१९ मध्ये बंदी आली. आता पर्याय म्हणून वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन फेजचा संग्रह उभारावा आणि चाचणी घ्यावी. पुरेशा डोसची.