चेरुवू की तळं?

‘पहिल्याच दिवशी वर्गावर जरब बसव, नाहीतर पोरं डोक्यावर बसतात.’ शिकवायला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. मलाही मिळाला होता. आज मला तो चुकीचा वाटतो.

आदिलाबाद जिल्ह्यात बेला मंडलातल्या एका शाळेत मी पंधरा दिवस नववीला मराठी शिकवलं. पैनगंगेच्या अलीकडचा हा भाग तेलंगणात असला तरी इथे घराघरांत मराठी आहे. सोबत तेलुगू, गोंडी, उर्दूही आहेत. ‘माझे गाव’ हा निबंध वाचताना एक मुलगा म्हणाला, “आमच्या गावात मोठा चेरुवू आहे.” मी लगेच टोकलं, “चेरुवू तेलुगू झालं. तळं म्हण.” वर्ग खो-खो हसला. तो खाली बसला आणि पुढचे तीन दिवस एक शब्दही बोलला नाही.

मी समजले, अभ्यास नसेल झाला. शेवटी एका मुलीने मधल्या सुट्टीत सांगितलं, “मॅडम, तुम्ही त्याला सगळ्यांसमोर हसवलं ना. आता तो नाही बोलणार.”

चौदा-पंधराव्या वर्षी चूक होण्याची भीती नसते, चारचौघांत हसं होण्याची असते. आम्ही कॅथलिक चर्चमध्ये पापांची कबुली एकांतात देतो. पण इथे अपमान वर्गासमोर झाला होता, म्हणून माफीही वर्गासमोरच मागायला हवी होती. मी मागितली. त्याने मान वर केली नाही.

मग फळ्यावर ‘पाणी’ लिहून मी विचारलं, तुमच्या घरी काय म्हणता? कोणी ‘नीळ्ळू’ म्हणालं, कोणी गोंडीतलं ‘येर’. माझा ‘येर’चा उच्चार ऐकून वर्ग पुन्हा हसला. या वेळी तोही हसला. दोन दिवसांनी त्याने स्वतःहून शंका विचारली.

ही गोष्ट या मुलखाला नवी नाही. १९४३ मध्ये निजामाच्या राजवटीत मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. तिथली पुस्तकं गोंडी भाषेत होती, पण लिपी देवनागरी. कारण जे थोडे गोंड शिकलेले होते, त्यांना मराठी वाचता येत होतं. मुलांना जे येतं तिथून सुरुवात करायची, हे तेव्हा कळलं होतं.

आपल्या मंडळातले बरेच जण उद्या बी.एड. करतील. शुद्ध मराठीचा आग्रह जरूर धरा, मीही धरते. ‘तळं’ हा शब्द त्या मुलाला यायलाच हवा. पण आधी त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. तो चेरुवू किती मोठा होता, त्याबद्दल त्याला काय सांगायचं होतं, हे मी त्या दिवशी विचारलंच नाही.