पाहुण्यांसाठी सात मिनिटे

लोककला जगवायची म्हणजे काय करायचे, असे विचारले की आमच्या गोव्यात उत्तर ठरलेले: महोत्सव भरवा. मला हे उत्तर मुळीच मान्य नाही. का, ते आयर्लंडच्या एका उदाहरणावरून सांगतो.

केरी परगण्यातल्या ट्रली शहरात 'शीअम्सा तीरा' हे आयर्लंडचे राष्ट्रीय लोकनाट्य केंद्र आहे. पॅट अहर्न या कॅथलिक धर्मगुरूच्या पुढाकाराने ते १९७४ साली स्थापन झाले. यातली गंमत पाहा. १९३५ च्या कायद्याने आयर्लंडात परवान्याशिवाय सार्वजनिक नाच भरवणे गुन्हा ठरला. हा कायदा व्हावा म्हणून चर्चनेच जोर लावला होता आणि त्याचा बडगा घरांतल्या साध्या नाचांवरही उगारला गेला. त्याच चर्चच्या एका पाद्र्याने चाळीस वर्षांनी नाचाला हक्काचे घर दिले!

अहर्न यांनी भव्य वास्तूपासून सुरुवात केली नाही. फिन्यूग आणि कॅरिग या ग्रामीण भागांत त्यांनी शिकवणीची घरे उघडली. तिथे मुले गाणे, पदन्यास, मूकाभिनय शिकू लागली. पूर्वी उत्तर केरीत नाचमास्तर गावोगाव फिरून, मुक्काम ठोकून शिकवत. जेरी मॉलिनो हा त्यांतला नावाजलेला मास्तर. त्याची पावले या केंद्राने जपली. यांच्या खेळांत संवाद जवळजवळ नसतातच. घर शाकारणे, मळणी, लोणी घुसळणे या कामांचाच नाच होतो. जुन्या दगडी गढीसारखे गोल असे आजचे रंगमंदिर उभे राहिले ते १९९१ साली, म्हणजे सतरा वर्षांनी.

कोणी म्हणेल, तिथेही उन्हाळ्यात पर्यटकच येऊन बसतात. खरे आहे. रंगमंचावरची मळणी ही खळ्यावरची मळणी नव्हे, हेही खरे. पण तिथे पर्यटक यायच्या आधी मूल शिकलेले असते. आमच्याकडे पर्यटक आधी, आणि मुलाची आठवण कोणालाच नाही.

एका महोत्सवात मी धालो घालणाऱ्या बायका पाहिल्या. पौषाच्या रात्री मांडावर तासन् तास रंगणारे धालो. त्यांना मिळाली सात मिनिटे. त्यांतल्या सर्वांत थोरल्या बाईने आयोजकाला विचारले, "मांड खंय?" त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने मायक्रोफोन दाखवला.

माझी मागणी साधी आहे. पेडणे, सत्तरी, काणकोण येथे एकेक घर उघडा. धालो, रणमाले, दशावतार जाणणाऱ्या म्हाताऱ्यांना तिथे मास्तर म्हणून नेमा आणि मास्तरासारखाच दरमहा पगार द्या. नुसती शाल आणि नारळ नको. पाच वर्षे एकही महोत्सव झाला नाही तरी लोककलेचे काही बिघडणार नाही. शिकणारे मूलच उरले नाही, तर मात्र महोत्सवात नाचायला कोण येणार आहे?