आपला आवाज कोणाच्या दारी ठेवाल?



वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपल्या विहारातून सायंकाळी काय चालते, ते तुम्हांस सांगावयास नको. शेतातून परतलेली माणसे हातपाय धुऊन येतात, त्रिसरण-पंचशील होते, आणि मग एखादी शिकलेली मुलगी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ उघडून काल जेथे खूण ठेवली होती तेथून पुढे वाचू लागते. समोर बसलेल्या कित्येक म्हाताऱ्यांना अक्षराची ओळख नाही. पण सिद्धार्थाने घर सोडले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून, म्हातारा-आजारी-प्रेत पाहून नव्हे, हे त्यांना पाठ झालेले असते, आणि वाचणारीने ओळ गाळली तर त्याच तिला थांबवितात. आश्विन पौर्णिमेस ग्रंथ मिटतो. त्याबरोबर तो आवाजही मिटतो. पुण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या मुलास तो ऐकू आलेला नसतो, आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जाणाऱ्या जोडप्यास तर पुढचे सहा महिने विहाराचे तोंडही दिसत नाही.

सेनगाव तालुक्यातील काही तरुणांच्या मनात आता असे आले आहे की, हे वाचन, ही प्रवचने, हक्कांविषयीची ही बोलणी ध्वनिमुद्रित करून पॉडकास्टच्या रूपाने सर्वत्र पोचवावी. विचार उत्तम आहे. परंतु त्यांच्याशी बोलताना आमच्या ध्यानात आले की, आवाज कसा मुद्रित करावा ह्याची त्यांना जेवढी काळजी आहे, तेवढी तो कोठे ठेवावा ह्याची नाही. ‘व्हॉट्सअॅपवर टाकू’, ‘यूट्यूबवर टाकू’, एवढ्यावर विचार संपतो. आमचे म्हणणे असे की, खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

प्रथम ही व्यवस्था समजून घ्या. पॉडकास्ट म्हणजे केवळ ध्वनिफीत नव्हे. ध्वनिफिती एका ठिकाणी साठविलेल्या असतात, त्या जागेस होस्टिंग म्हणतात; आणि त्या फितींची एक यादी असते, तीस आरएसएस फीड असे नाव आहे. ही यादी म्हणजे विहाराच्या दाराशी लावलेला फळाच समजा. त्यावर आपले नाव, आपला पत्ता, आज काय नवीन आले आहे आणि ते कोठे मिळेल, हे लिहिलेले असते. अॅपल, स्पॉटिफाय, अॅमेझॉन म्युझिक ही जी ऐकण्याची ठिकाणे आहेत, त्यांना आपण ह्या फळ्याचा पत्ता एकदाच कळवावयाचा असतो. त्यानंतर त्यांची यंत्रे ठरावीक वेळाने येऊन फळा वाचतात आणि नवे प्रकरण आपापल्या दालनात मांडतात. यूट्यूबनेही अलीकडे हीच वाट मोकळी केली आहे. प्रत्येक दारी जाऊन प्रत्येक वेळी नवी फीत देण्याचे कारण उरत नाही. ह्या नोंदणीस पैसे पडत नाहीत. निदान एक प्रकरण आधी तयार असावे लागते, आणि एक चौकोनी चित्र लागते, ते १४०० ते ३००० पिक्सेल एवढ्या मापाचे. ह्या चित्रावर आमचे तरुण फार मजकूर कोंबतात. मोबाईलच्या पडद्यावर ते चित्र नखाएवढे दिसते. त्यावर ‘सेनगाव’ हे नाव मोठ्या अक्षरांत वाचता आले तरी पुष्कळ झाले.

आता बाबासाहेबांचे उदाहरण घ्या, कारण ह्या बाबतीत त्यांच्याहून मोठा गुरू आपणांस मिळणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, ही गोष्ट पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवली. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे चोवीस-चोवीस रकाने ते एकटे भरीत. १९३० साली ‘जनता’ आले, आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पैसा नाही, माणसे नाहीत, वर्गणीदार थकलेले, अशा स्थितीतही स्वतःचे पत्र त्यांनी सोडले नाही. पण म्हणून दुसऱ्याच्या व्यासपीठास त्यांनी पाठ दाखविली काय? मुळीच नाही. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले, आणि स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली असे साऱ्या देशास ऐकविले. १९५६ च्या मे महिन्यात ते बीबीसीवरून बुद्धधम्माविषयी बोलले. दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक मिळेल तेथे वापरावा, परंतु स्वतःचे पत्र मोडून नव्हे, असा त्यांचा व्यवहार होता.

आमचे सांगणे ह्यापेक्षा निराळे नाही. ऐकण्याची जेवढी ठिकाणे आहेत तेवढ्या सर्वांवर आपला आवाज असावा. फीड मात्र, म्हणजे तो फळा, त्याचे खाते आणि त्याचा ई-मेल, विहाराच्या ताब्यात असावा.

ह्यात अतिशयोक्ती वाटत असेल तर २०२४ साल आठवा. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीने २०१८ साली सुरू केलेले आपले पॉडकास्टचे अॅप त्या वर्षी बंद करून टाकले. ज्यांचे फीड स्वतःचे होते त्यांचे फारसे बिघडले नाही. श्रोते दुसऱ्या अॅपवर गेले आणि तोच फळा तेथूनही वाचू लागले. ज्याने आपला सगळा आवाज एकाच अॅपच्या हवाली केला असेल, त्याचे घर मालकाने कुलूप लावले की रस्त्यावर आलेच. गावकुसाबाहेरची जागा कोणी केव्हाही काढून घेऊ शकतो ह्या भयात आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या जगले. आपण पुन्हा होऊन तशा जागेवर का बसावे?

आणि दोष नेहमी कंपन्यांचाच असतो असे नाही. आमच्याच वाट्यास आलेला एक अनुभव सांगतो. एका विहाराच्या समितीने मोठ्या उत्साहाने प्रवचने मुद्रित केली. खाते एका हुशार तरुणाने आपल्या खासगी मोबाईल क्रमांकावर काढले. पुढे तो नोकरीस परगावी गेला, क्रमांक बदलला, पासवर्ड विसरला. कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण दीड वर्षाच्या प्रवचनांत आज एक शब्द घालता येत नाही की एक काढता येत नाही. त्यात एका वृद्ध उपासकाने सांगितलेली आपल्या दीक्षेची हकीकत होती. ते गृहस्थ आता हयात नाहीत.

तेव्हा खाते विहाराच्या नावे काढलेल्या ई-मेलवर असावे, त्याची किल्ली निदान तिघांकडे असावी, आणि त्या तिघांत एक तरी स्त्री असावी. ही अट आम्ही केवळ शोभेसाठी घालीत नाही. गावात कायम राहणारी, वंदनेस रोज येणारी आणि हिशेबाची वही जपणारी स्त्रीच असते, हे आम्ही अनेक विहारांत पाहिले आहे. फीडमध्ये दिलेला ई-मेल कोणासही दिसू शकतो, म्हणूनही तो खासगी नसावा. आणि स्पॉटिफायकडे नोंद करताना खात्रीचा आकडा त्याच ई-मेलवर येतो, म्हणून तो उघडता येणारे माणूस जवळ असावे. होस्टिंग निवडताना एक प्रश्न अवश्य विचारावा: उद्या आम्ही तुमच्याकडून निघालो, तर जुन्या फीडवर येणारास नव्या पत्त्याकडे कायमचे वळविण्याची सोय तुम्ही द्याल काय? उत्तर ‘नाही’ असेल तर ती जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आता ज्या एका गोष्टीसाठी आम्ही हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतो. नोंदणीच्या अर्जात दोन रकाने असतात. एक भाषेचा, त्यात मराठी निवडावयाची. दुसरा वर्गाचा. अॅपलच्या यादीत ‘धर्म व अध्यात्म’ ह्या वर्गाखाली बौद्ध धर्माचा स्वतंत्र पोटवर्ग आहे. आमच्या पाहण्यात असे आले की, आपले लोक तेथवर जातच नाहीत. कोणी ‘अध्यात्म’ निवडतो, कोणी ‘समाज’, तर कोणी वरचा मोठा वर्ग टिकवून मोकळा होतो. ही किरकोळ बाब आहे असे तुम्ही म्हणाल. पण रकान्याचा आणि आपला संबंध जुना आहे. १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१ च्या शिरगणतीत ती २७ लक्षांच्या वर गेली. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस नागपुरास उजाडला होता, हे खरेच. परंतु तो दिवस सरकारी कागदावर उतरला तो गावोगावच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांनी धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ हा शब्द आग्रहाने लिहवून घेतला म्हणून. जे त्यांनी प्रगणकासमोर केले, ते आपण मोबाईलच्या अर्जावर करू नये काय? (आणि लिहिताना ‘बौद्ध’ लिहावे, ‘नवबौद्ध’ नव्हे. दीक्षा घेऊन तीन पिढ्या लोटल्यावरही आपण नवे, असे दुसऱ्याने ठरवावे हे आम्हांस मान्य नाही.)

त्या रकान्याची भीती अजून गेलेली नाही. धर्म बदलला की सवलत जाईल, ह्या समजुतीने आजही काही नवदीक्षित कुटुंबे मुलांच्या शाळेत जुना धर्म लिहून देतात. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे बौद्ध झालेल्यांच्या केंद्रीय सवलती अडल्या होत्या हे सत्य आहे; पण १९९० साली त्या आदेशात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा हक्क मान्य झाला, त्यास आता कैक वर्षे झाली. ही एवढी गोष्ट गोरेगावच्या, आजेगावच्या, पानकनेरगावच्या घराघरांत आपल्या माणसाच्या तोंडून, आपल्या बोलीत ऐकू गेली, तर शंभर छापील पत्रकांपेक्षा अधिक काम होईल. पहिले प्रकरण ह्याच विषयावर करावे अशी आमची सूचना आहे. आवाज एकेरी वाहिनीत, ६४ केबीपीएसवर ठेवला तर अर्ध्या तासाचे प्रकरण १५ एमबीच्या आत बसते. कमी रेंजच्या वस्तीतही ते एकदा उतरवून घेतले की पुन्हापुन्हा ऐकता येते.

काही बाबतींत सावध राहावयास पाहिजे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ इंग्रजी ग्रंथांवरील स्वामित्वहक्काची मुदत आता संपलेली आहे, परंतु मराठी भाषांतराचा हक्क निराळा असतो. विहारात वाचणे वेगळे आणि जगभर प्रसारित करणे वेगळे. तेव्हा अख्खे भाषांतर वाचून टाकण्याऐवजी प्रकरणाचा आशय आपल्या शब्दांत सांगावा, किंवा रीतसर परवानगी घ्यावी. भीमगीतांच्या विकतच्या कॅसेटमधले संगीत आरंभी-शेवटी चिकटविण्याचा मोहही टाळावा. त्यापायी प्रकरण उडते, आणि वस्तीत हलगी वाजविणारे हात काही कमी नाहीत. अत्याचाराची हकीकत कोणी सांगू लागले तर आधी फिर्याद आणि वकील, मग ध्वनिमुद्रण. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे नाव वा ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

‘आमच्याकडे सांगण्यासारखे आहे काय?’ असे विचारणाऱ्या माताभगिनींना आम्ही माजलगावचे उदाहरण देऊ. तेथील भीमनगरातल्या स्त्रियांनी जात्यावर गाइलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ साली हेमा राईरकर व गी पॉयट्वाँ ह्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्रित करून ठेवल्या. पुढे ‘पारी’ ह्या संस्थेने त्या सर्वांपुढे आणल्या, म्हणून आज त्या कोणासही ऐकता येतात. सेनगावच्या वस्तीत अशा ओव्या येणाऱ्या बायका नाहीत काय? आहेत, परंतु त्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, आणि त्यांच्या घरातील जाते केव्हाच अडगळीत पडले आहे. बाहेरून कोणी येऊन मुद्रित करील ह्याची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नाही.

हे शहरी लोकांचे चोचले आहेत, असे एक वयोवृद्ध कार्यकर्ते आम्हांस म्हणाले. विहाराचे छप्पर गळते आहे, ते आधी पाहा, असाही त्यांचा टोला होता. त्यांचा राग आम्ही समजू शकतो, आणि छप्पर आधी शाकारावे हेही मान्य करतो. पण ह्याच गृहस्थांच्या खिशातील मोबाईलवर त्यांचा नातू दुसऱ्यांची प्रवचने दिवसभर ऐकत असतो, आणि त्या प्रवचनांत दैव आहे, नवस आहे, पूर्वजन्मीचे पाप आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तो आवाज परवानगी न विचारता शिरला आहे.

आषाढ पौर्णिमेपूर्वी ज्या विहारांना हे काम हाती घ्यावयाचे असेल, त्यांनी समितीच्या पुढच्या बैठकीत दोन ठराव लिहून ठेवावे: ई-मेल कोणत्या नावाने काढावयाचा, आणि किल्ली कोणत्या तिघांकडे राहील. ठरावाच्या वहीत पासवर्ड मात्र लिहू नये. तो वेगळ्या पाकिटात बंद करून वर्गणीच्या पेटीत ठेवावा.