रोग्याचे मत कोण विचारणार?

चिरनेर हे गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे ते २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे. अक्कादेवीच्या रानावर हक्क सांगणाऱ्या गावकऱ्यांवर त्या दिवशी गोळीबार होऊन आठजण हुतात्मे झाले. रानाच्या कारभारात आमचेही ऐका, असे बजावणाऱ्या या पनवेल-उरण पट्ट्यात दवाखान्याच्या कारभारात रोग्याचे कोण ऐकतो, हा प्रश्न आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

कागदावर उणीव नाही. गावोगाव आरोग्य समित्या असाव्यात, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले. आरोग्याच्या योजनेत भाग घेणे हा लोकांचा हक्क व कर्तव्यही होय, असे १९७८ च्या आल्मा-आता परिषदेने घोषित केले. पुढे २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने गावच्या समितीस वर्षाकाठी दहा हजार रुपयांपर्यंतचा निधी दिला. तथापि खरा फरक पडला तो २००७ पासून आपल्या राज्यात सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीमुळे. औषध का नाही, डॉक्टर कोठे होते, हे जनसुनावणीत अधिकाऱ्यांस चारचौघांत विचारले गेले. एकटा रोगी हे विचारीत नाही; उद्या त्याच डॉक्टरच्या दारी जायचे असते!

आमच्या सुशिक्षित वाचकांनी येथे खेडुतास नावे ठेवू नयेत. आपल्या घरच्या डॉक्टरवर आपण पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकला; परंतु त्याने लिहून दिलेल्या तपासण्या कशासाठी, एवढे तरी आपण कधी विचारले काय? इंग्लंडात २०१५ पासून प्रत्येक कुटुंबवैद्याच्या दवाखान्यास रुग्णांचा गट नेमणे कराराने बंधनकारक आहे. आपला खासगी डॉक्टर सरकारशी अशा कराराने बांधलेला नाही; म्हणून ती प्रथा येथे जशीच्या तशी आणता येणार नाही, हे उघड आहे.

सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरांना मात्र जनआरोग्य समिती जोडलेली आहे. आरंभ तेथूनच व्हावा. तीत केवळ पदाधिकारी नकोत. मधुमेहाची गोळी दरमहा नेणारा म्हातारा हवा, गरोदरपणी खेपा घातलेली बाई हवी. चिरनेरसारख्या गावी सभेची तारीख फळ्यावर लागावी, निधीचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा, आणि रोगी डॉक्टरास ओळखू लागतो न लागतो तोच त्याची बदली करण्याचा खाक्या सरकारने सोडावा. ओळखच नसेल तर रोगी तोंड उघडणार कोणापुढे?